ऑडॅसिटीला ‘लेम’ वेगळं लागत नाही

ऑडॅसिटी हा आवाज रेकॉर्ड आणि संपादित करायचा प्रोग्रॅम, आणि लेम म्हणजे त्यातला आवाज एमपीथ्री फाइलमध्ये बदलणारं सॉफ्टवेअर. ‘ऑडॅसिटीत एमपीथ्री बनवायची तर लेमची डीएलएल फाइल कुठूनतरी उतरवून घ्या’ हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. एकेकाळी तो बरोबर होता. एमपीथ्रीवर पेटंटं होती, त्यामुळे लेम सोबत देता येत नसे. पेटंटांची मुदत संपल्यावर २०१७मध्ये ती सांभाळणाऱ्या फ्राउनहोफर संस्थेने त्यांचे परवाने देणं थांबवलं आणि २०१९च्या २.३.२ आवृत्तीपासून विंडोज व मॅकवर लेम आतच येतं. आता ते शोधत फिरणं म्हणजे विकतचं दुखणं.

एफएफएमपेगची, म्हणजे इतर प्रकारच्या फाइल वाचून देणाऱ्या सॉफ्टवेअरची, गोष्ट वेगळी. विंडोजवर डब्ल्यूएमएसारख्या फाइल उघडायला ते आजही वेगळं घ्यावं लागतं. ते ऑडॅसिटीच्या अधिकृत मदत-पानावरच्या दुव्यावरूनच घ्या. तेही डीएलएलच्या, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमने वापरायच्या कोडच्या फाइलींच्या, रूपात येतं. डीएलएल ही नुसती पडून राहणारी फाइल नव्हे, ऑडॅसिटीला जे अधिकार आहेत ते सगळे तिलाही मिळतात! कुणी ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ म्हणालं, तर तिथूनच मागे फिरा.

पानावर एसएचए-२५६, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-संकेत, दिलेला असेल तर पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा-खिडकीत ‘गेट-फाइलहॅश’ (Get-FileHash) ही आज्ञा देऊन ताडून बघा. ६४च्या ६४ अक्षरं जुळायला हवीत. एक जरी वेगळं निघालं, तर ती फाइल उघडू नका, सरळ काढून टाका.