तेलविहिरीतील वायरलाइन खोलीमापन

तेलविहिरीत पोलादी तारेने सोडलेले उपकरण जमिनीखाली नेमके किती खोलीवर आहे, हे ठरवण्याची पद्धती. विहिरीच्या तोंडाशी तार मोजचाकावरून जाते. चाकाचे फेरे गुणिले परीघ, एवढेच मूळ गणित. खोली रिगच्या (खोदाईच्या यंत्रणेच्या) ठरावीक बिंदूपासून, बहुधा केली बुशिंगपासून (रिगच्या फिरत्या टेबलावरचा, खोदाईचे पाइप फिरवणारा भाग), मोजतात. हा बिंदू नोंदवायचा राहिला तर पुढचे सगळे आकडे निराधार ठरतात.

विद्युत लॉगिंगचा (तारेने सोडलेल्या उपकरणाने खडकांच्या विद्युत गुणधर्मांची खोलीवार नोंद, म्हणजे लॉग, घेण्याचा) आरंभ सामान्यतः 5 सप्टेंबर 1927 रोजी फ्रान्समधील पेशेलब्रॉन येथे श्लुंबर्जे बंधूंच्या कंपनीने केलेल्या मापनापासून धरतात. दोराने विहिरीची खोली मोजण्याची रीत मात्र त्याहून पुष्कळ जुनी आहे. तेव्हा आरंभाचे हे वर्ष लॉगिंगचे मानावे, खोलीमापनाचे नव्हे. तारेवर चुंबकीय खुणा करण्याची पद्धत नंतरची. कार्यशाळेत ज्ञात ताणाखाली तार ओढून दर 100 फुटांवर किंवा 50 मीटरवर खूण करतात आणि विहिरीवर त्या खुणांशी गणकाचा (चाकाच्या फेऱ्यांवरून खोली दाखवणाऱ्या यंत्राचा) आकडा ताडून पाहतात.

चुकांपैकी चाकाची चूक समजायला सोपी. चाक झिजले की परीघ घटतो, पण गणक जुन्याच परिघाने गुणतो, त्यामुळे खोली प्रत्यक्षाहून जास्त दिसते. परिघात हजारात एकाचा फरक पडला तरी 3,000 मीटरला 3 मीटरची चूक होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. चाकावर चिखल किंवा ग्रीस साचले, अथवा चाक तारेवरून घसरले, तर चूक उलट दिशेने होते. म्हणून दोन चाके लावतात. त्यांचे आकडे जुळेनात की घसरण झाल्याचे कळते. मात्र दोन्ही चाके सारखीच झिजली असतील तर ती बिनतक्रार एकच चुकीचा आकडा देतात.

ताणाची चूक अधिक अवघड. तार स्वतःच्या वजनाने, उपकरणाच्या वजनाने आणि विहिरीच्या भिंतीशी होणाऱ्या घर्षणाने लांबते. खोल विहिरीत ही वाढ काही मीटर असू शकते. उपकरण वर ओढायला लागताच आधी तार ताणली जाते. गणक सरकू लागतो, पण तळाचे उपकरण जागचे हललेले नसते. त्यामुळे वर येताना घेतलेला लॉग दुरुस्तीविना उथळ दिसतो. दुरुस्तीसाठी तारेचा लांबी-गुणांक (ठरावीक ताणाला तार किती लांबते तो आकडा), विहिरीतील लांबी आणि सरासरी ताणातला फरक यांचा गुणाकार घेतात. नवी तार पहिल्या काही फेऱ्यांत कायमची थोडी लांबते, म्हणून तो गुणांक तार ‘बसल्यावर’ काढलेला बरा. उष्णतेचा वाटाही दुर्लक्षिण्याजोगा नाही : पोलादाचे तापमान सरासरी 50 अंश सेल्सिअसने वाढले, तर 3,000 मीटर तार सुमारे पावणेदोन मीटर लांबते.

प्रमाण कोणते मानावे, यावर एकमत नाही. एक मत खोदाईच्या पाइपांची लांबी जुळवून काढलेल्या खोलीच्या बाजूचे आहे, दुसरे लॉगच्या खोलीच्या. पाइपही ताणला जातो आणि बऱ्याचदा त्याची दुरुस्ती कोणी करत नाही, त्यामुळे दुसऱ्या मताचे पारडे जड वाटते. त्यातही उपकरण सावकाश, समान ताणाने खाली सोडताना घेतलेले मापन दुरुस्त करून पायाभूत धरावे, हे अधिक ग्राह्य दिसते. पुढच्या फेऱ्या गॅमा किरण लॉगच्या (खडकांतून येणाऱ्या नैसर्गिक गॅमा किरणांच्या नोंदीच्या) आकारावरून पहिल्या फेरीशी जुळवतात. केसिंग (विहिरीच्या भिंतीला आधार देणारे पोलादी पाइप) बसल्यावर गॅमा लॉगसोबत कॉलर लोकेटर (त्या पाइपांचे जोड ओळखणारे उपकरण) सोडतात. केसिंगमध्ये मुद्दाम बसवलेला आखूड पाइप ओळखीची खूण म्हणून उपयोगी पडतो. छिद्रण करताना (तेल आत यावे म्हणून केसिंगला भोके पाडताना) अशा सापेक्ष अचूकतेलाच महत्त्व असते, कारण पातळ तेलथराच्या विहिरीत मीटर-दीड मीटर चुकले तर तेलाऐवजी पाणी लागते.

कोल्हापूर जिल्ह्यात तेलविहीर नाही. जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसॉल्टचा आहे. खोल विहिरीचे जवळचे उदाहरण कोयना परिसरातले. 1967 च्या भूकंपानंतर हा परिसर अभ्यासकांच्या नजरेत राहिला, आणि कराड येथील बोअरहोल भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या प्रकल्पात 2016–17 मध्ये गोठणे येथे सुमारे 3 किमी खोल छिद्र घेतले गेले. तेथे बेसॉल्टची जाडी सुमारे सव्वा किमी आहे. त्याखाली ग्रॅनाइटी खडक लागतो. बेसॉल्टमध्ये गॅमा किरण कमी, ग्रॅनाइटमध्ये जास्त, त्यामुळे अशी सीमा दोन फेऱ्यांची खोली जुळवायला सोयीची असते.

जिल्ह्यातल्या विंधन विहिरींत तत्त्व तेच, हत्यारे साधी. बोअरवाला आत गेलेले रॉड मोजतो आणि फुटावर बिल करतो. ही खोदाईची खोली झाली. पाण्याची पातळी मोजताना विजेरी साउंडरची (टोक पाण्याला टेकताच इशारा देणाऱ्या उपकरणाची) फीत वापरतात. दरवेळी केसिंगच्या एकाच कडेपासून मोजले नाही, तर दोन हंगामांतल्या पातळ्यांची तुलना होऊ शकत नाही.