माजी सैनिकाचे डोळे तपासताना

डोळ्यांच्या तपासणीत वापरला जाणारा अक्षरांचा तक्ता हर्मन स्नेलेन या डच नेत्रवैद्याने १८६२ मध्ये तयार केला. सहा मीटर अंतरावरून ज्या ओळीतील प्रत्येक अक्षर डोळ्याशी पाच कलांचा, म्हणजे एका अंशाच्या बाराव्या भागाइतका कोन करते, ती ओळ वाचता आली की दृष्टी ६/६ आहे असे म्हणतात. स्थिर, ठळक, काळ्या अक्षरांपुरते हे मोजमाप उत्तम आहे. माजी सैनिकांची तपासणी करणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टला मात्र त्याची मर्यादा वारंवार जाणवते, कारण ती ओळ न अडखळता वाचणारा माणूस त्याच खुर्चीत बसून सांगतो की, पुस्तकाचे अर्धे पान वाचले की डोके दुखू लागते, अक्षरे सरकतात आणि आपण कोणत्या ओळीवर होतो हेच सापडत नाही.

या तक्रारीचे मूळ पुष्कळदा मेंदूला बसलेल्या धक्क्यात असते. जवळच्या स्फोटाची दाबलाट कवटीवर ओरखडाही न उमटवता मेंदूला हादरा देऊ शकते. मेंदूतून थेट निघणाऱ्या चेतांच्या बारा जोड्यांपैकी सहा जोड्यांचा डोळ्यांच्या कामाशी संबंध असल्यामुळे अशा हादऱ्यानंतर दृष्टीचे काही ना काही बिघडण्याची शक्यता बरीच असते. वाचताना दोन्ही डोळे एकाच वेळी नाकाकडे वळावे लागतात आणि आतल्या भिंगाला आपली वक्रता बदलावी लागते; हा मेळ चुकला की एकाची दोन अक्षरे दिसतात किंवा ती टाळण्याच्या धडपडीत माणूस थकून जातो. तपासणी साधीच आहे. एक बारीक खूण हळूहळू नाकाजवळ आणायची आणि ती कोठे दुभंगते ते मोजायचे. हे अंतर दहा सेंटिमीटरहून बरेच जास्त भरले तर शंका घ्यावी आणि तीच चाचणी काही वेळा पुन्हा करावी, कारण थकव्याने हा दोष अधिक उघड होतो. चौथ्या चेतेला इजा झाली असेल तर प्रतिमा एकमेकींच्या वर-खाली दिसतात आणि त्रास खाली पाहताना वाढतो. म्हणूनच ‘जिना उतरताना कसे वाटते?’ हा प्रश्न या रुग्णांना आवर्जून विचारावा. प्रिझमचा चष्मा आणि नजरेचे नियमित व्यायाम यांनी यांतील अनेकांना दिलासा मिळतो.

कधी दोष आणखी मागे, कवटीच्या पाठच्या भागात असतो. या विषयाचा इतिहास माजी सैनिकांच्या तपासणीपासूनच सुरू होतो, ही गोष्ट मला विशेष वाटते. रशिया आणि जपान यांच्यातील १९०४-०५ च्या युद्धानंतर तात्सुजी इनोऊये या तरुण जपानी नेत्रवैद्याकडे डोक्यात गोळी लागून वाचलेल्या सैनिकांची दृष्टी किती गेली आहे हे ठरवण्याचे काम आले; त्यावर त्यांचे निवृत्तिवेतन अवलंबून होते. त्या वेळच्या नव्या रशियन बंदुकांच्या लहान, वेगवान गोळ्या कवटीतून सरळ आरपार जात, त्यामुळे आत शिरण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या छिद्रांवरून गोळीने मेंदूचा नेमका कोणता भाग कापला हे ताडता येत असे. इनोऊये यांनी त्यासाठी मोजमापाचे खास साधन बनवले, प्रत्येक सैनिकाच्या दृष्टिक्षेत्रातील आंधळा भाग नोंदवला आणि १९०९ मध्ये दृष्टिकेंद्राचा, म्हणजे पाहण्याचे काम करणाऱ्या मेंदूच्या पाठच्या भागाचा, नकाशाच मांडला. आपण जेथे रोखून पाहतो तो मधला चिमुकला भाग मेंदूत सर्वांत मोठी जागा व्यापतो, हे त्यातून दिसले. पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्स या ब्रिटिश चेतावैद्याने जखमी सैनिकांवरूनच हा नकाशा अधिक तपशिलात नेला. जॉर्ज रिडॉक या ब्रिटिश चेतावैद्यांनी १९१७ मध्ये आणखी चकित करणारी गोष्ट नोंदवली: आंधळ्या ठरलेल्या भागात स्थिर वस्तू मुळीच न दिसणाऱ्या काही सैनिकांना त्याच भागातील हालचाल मात्र जाणवत होती.

आजही अर्धे दृष्टिक्षेत्र गमावलेला रुग्ण ‘उजव्या डोळ्याने दिसत नाही’ असेच सांगतो, वास्तविक दोन्ही डोळ्यांची उजवी बाजू गेलेली असते. प्रत्येक डोळा वेगळा झाकून दृष्टिक्षेत्र मोजल्याशिवाय हे कळत नाही.

डोळ्याच्या स्वतःच्या जखमा याउलट लवकर लक्षात येतात, निदान तसा समज आहे. डोळ्यावर जोराचा मुका मार बसतो तेव्हा आतील द्रव वाहून नेणारा कोपरा फाटू शकतो. सूज उतरते, नजर पूर्ववत होते आणि माणूस ती घटना विसरतो. पण निचरा करणारी जाळी हळूहळू निकामी होऊन दहा-वीस वर्षांनी, तेही एकाच डोळ्यात, काचबिंदू उभा राहतो. आरशाच्या खास भिंगातून तो कोपरा पाहिला की जुनी इजा स्पष्ट दिसते. पाहण्याचे सुचले मात्र पाहिजे, आणि ते सुचण्यासाठी सेवेच्या काळात काय काय घडले हे आधी सविस्तर ऐकून घ्यावे लागते.

आत राहून गेलेल्या कणांचेही तसेच आहे. लोखंडाचा सूक्ष्म तुकडा विरघळत राहतो, बुबुळाला तपकिरी छटा येते, रात्रीचे दिसणे मंदावते आणि अखेर दृष्टिपटल खराब होते. असा तुकडा असण्याची शंका असलेल्या माणसाला एमआरआयच्या प्रबळ चुंबकात पाठवण्यापूर्वी एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करून खात्री करून घेणे अत्यावश्यक आहे. सगळेच कण असे घातक नसतात. दुसऱ्या महायुद्धात फुटलेल्या विमानाच्या छताचे अ‍ॅक्रिलिक कण काही ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले. हे कण डोळा सहन करतो, हे हॅरोल्ड रिडली या ब्रिटिश नेत्रवैद्यांनी हेरले आणि १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्याच जातीच्या प्लास्टिकचे पहिले कृत्रिम नेत्रभिंग बसवले. आज मोतीबिंदूनंतर बसवली जाणारी भिंगे याच प्रयोगाच्या परंपरेतली आहेत.

तपासणीची रीतही या रुग्णांसाठी थोडी बदलावी लागते. बुबुळावर अचानक हवेचा झोत सोडून दाब मोजणारे यंत्र, पाठीमागून जवळ येणे, न सांगता दिवा मालवणे या आपल्याला क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी युद्धाचा आघात मनात घेऊन बसलेल्या माणसाला दचकवतात. प्रत्येक पायरी आधी सांगितली आणि दार दिसेल अशी खुर्ची ठेवली तर बरेच काम सोपे होते. तोफा-बंदुकांच्या आवाजाने ऐकणे कमी झालेले अनेक जण नकळत ओठ वाचतात. खोलीत अंधार केला की त्यांना सूचनाच कळेनाशा होतात आणि त्यांची चुकीची उत्तरे दृष्टिदोष म्हणून नोंदली जातात. सूचना उजेडात द्यायच्या आणि मगच दिवा घालवायचा, एवढे पथ्य पाळले तरी पुरते.

वय वाढले आणि दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजला की आणखी एक पेच येतो. दृष्टी खूप कमी झालेल्या काही वृद्धांना स्पष्ट, बिनआवाजी दृश्ये दिसू लागतात: अनोळखी माणसे, चेहरे, नक्षी. स्विस निसर्गतज्ज्ञ शार्ल बॉने याने आपल्या आजोबांच्या अशा अनुभवाची नोंद १७६० मध्ये केली आणि त्या अवस्थेला त्याचेच नाव मिळाले. डोळ्यांकडून संदेश येणे घटल्यावर मेंदूतील दृष्टिकेंद्र स्वतःच चित्रे उभी करते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. माजी सैनिकाच्या बाबतीत हे अनुभव युद्धस्मृतींचे आघात म्हणून किंवा स्मृतिभ्रंशाची सुरुवात म्हणून गणले जाण्याचा धोका अधिक असतो, आणि वेड लागल्याचा शिक्का बसेल या भीतीने रुग्ण स्वतःहून बोलत नाही. फरक विचारल्यावरच कळतो. बॉनेच्या दृश्यांना सहसा आवाज नसतो, त्यांचा भूतकाळाशी धागा नसतो आणि ती खरी नाहीत हे पाहणाऱ्याला ठाऊक असते; आघाताच्या स्मृतीत तोच प्रसंग आवाज, वास आणि धडधडत्या छातीसह परत येतो. म्हणून नंबर काढून झाल्यावर, ‘समोर नसलेले काही दिसते का? कमी दिसणाऱ्या पुष्कळांना दिसते,’ असे सहज स्वरात विचारावे. होकार बहुधा जरा थांबून येतो.