चिठ्ठी, सील आणि सतरा-सी : विदर्भातल्या ईव्हीएमवरच्या पहाऱ्याची पार्श्वभूमी

मतदान यंत्राची कथा विदर्भापासून लांब, केरळात सुरू झाली. १९८२ मध्ये परूर मतदारसंघातल्या ५० केंद्रांवर ते पहिल्यांदा वापरलं गेलं. कायद्यात यंत्राची तरतूदच नव्हती, म्हणून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मतदान रद्द ठरवलं. मग कायदा बदलला आणि २००४ च्या लोकसभेला देशभर शिक्क्याची जागा बटणाने घेतली. यंत्र बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचं किंवा हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कंपनीचं. आत काय आहे हे गावातल्या कुणाला पाहता येत नव्हतं, आजही येत नाही. कागद तेवढा पाहता येतो, आणि गावातला पहारा खरं तर या कागदावरचाच आहे.

ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्हीव्हीपॅट, म्हणजे मताची कागदी चिठ्ठी छापणारं जोडयंत्र, टप्प्याटप्प्याने आणायला सांगितलं. बटण दाबलं की काचेमागे ७ सेकंद चिठ्ठी दिसते आणि खाली पेटीत पडते. चिठ्ठी दुसऱ्याच चिन्हाची निघाली तर मतदाराला तिथल्या तिथे तक्रार करता येते. पण आधी लेखी द्यावं लागतं, मग सगळ्यांदेखत चाचणी मत घेतात आणि तक्रार खोटी ठरली तर शिक्षेची तरतूद आहे. मजुरी बुडवून रांगेत उभी राहिलेली बाई या भानगडीत पडेल का, हे ज्याने त्याने ठरवावं.

विदर्भात हे प्रकरण तापलं ते २८ मे २०१८ ला, भंडारा-गोंदियाच्या पोटनिवडणुकीत. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होता. सकाळपासून ठिकठिकाणी व्हीव्हीपॅट बंद पडू लागली. माणसं केंद्रावर ताटकळली, बरीच परत गेली. अधिकाऱ्यांनी उन्हाकडे बोट दाखवलं, निवडणूक आयोगाने सेन्सरवर पडलेल्या थेट उजेडाकडे. शेवटी ३० मे ला ४९ केंद्रांवर फेरमतदान झालं. त्या एका दिवसानं धानपट्ट्यातल्या कार्यकर्त्यांना यंत्राबद्दल जेवढं शिकवलं, तेवढं दहा प्रशिक्षणांनी शिकवलं नसतं.

पहाऱ्याची मुख्य जागा म्हणजे पोलिंग एजंटची, केंद्रावर बसणाऱ्या उमेदवाराच्या माणसाची, खुर्ची. मतदानाच्या दीड तास आधी अभिरूप म्हणजे चाचणीचं मतदान होतं. किमान ५० मतं टाकून निकाल काढतात, चिठ्ठ्यांशी ताळा करतात आणि मग यंत्र कोरं करतात. एजंट उशिरा आला तर हे सगळं त्याच्या माघारी होतं. संध्याकाळी केंद्राध्यक्ष नमुना १७-क भरतो, बोलीत ‘सतरा-सी’. त्यात यंत्राचा नंबर, सीलचे नंबर आणि एकूण पडलेली मतं असतात. सहीनिशी त्याची प्रत मिळणं हा एजंटचा हक्क आहे. मोजणीच्या टेबलावर यंत्र जो आकडा दाखवतं, तो याच कागदाशी ताडायचा असतो. पण दिवसभर बसलेला पोरगा पाचनंतर कंटाळतो, प्रत न घेताच निघतो, आणि महिनाभराने त्याच बूथच्या आकड्यांवरून नेते पत्रकार परिषद घेतात. माझ्या मते ईव्हीएमच्या वादातला निम्मा गोंधळ इथला आहे.

महिनाभर म्हणायचं कारण असं की पूर्व विदर्भाचं मतदान पहिल्याच टप्प्यात होतं. २०१९ मध्ये ११ एप्रिलला मतदान आणि २३ मे ला मोजणी. २०२४ मध्ये १९ एप्रिल आणि ४ जून, म्हणजे ४६ दिवस. एवढा काळ यंत्रं स्ट्राँगरूममध्ये आणि उमेदवारांची माणसं पाळ्या लावून बाहेर. गडचिरोलीत काही केंद्रांवरची पथकं तर यंत्रांसह हेलिकॉप्टरने ये-जा करतात.

मधल्या काळात न्यायालयाने थोडं थोडं दिलं. २०१९ मध्ये दर विधानसभा क्षेत्रातल्या ५ केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजायला सांगितलं. एका क्षेत्रात केंद्रं असतात तीन-साडेतीनशे. २६ एप्रिल २०२४ ला मतपत्रिकेची मागणी फेटाळली, पण दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ५ टक्के यंत्रं तपासून घेण्याची मुभा दिली. डिसेंबर २०२४ मध्ये मात्र नियम बदलून केंद्रावरचं सीसीटीव्ही चित्रण सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर नेलं गेलं.

हे सगळं लोकसभा-विधानसभेचं. गावाच्या सगळ्यात जवळची मतदानं, म्हणजे ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, राज्य निवडणूक आयोग घेतो आणि तिथे व्हीव्हीपॅट नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात सुलतानपूरला जिल्हा परिषदेच्या मतदानात नारळाचं बटण दाबलं की कमळासमोरचा दिवा लागतो, अशी तक्रार झाली. त्या केंद्रावर पुन्हा मतदान घ्यावं लागलं. छेडछाड सिद्ध झाली असं नाही; पण दिवा चुकीचा लागला हे लोकांच्या डोळ्यांनी पकडलं, चिठ्ठीने नव्हे. पुढे माहिती अधिकारातून कागद बाहेर आले तेव्हा बाकीच्या देशाला ते कळलं.

२०२५ च्या नगरपालिका निवडणुकीआधी व्हीव्हीपॅटचा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. यंत्रं तरी चिठ्ठीविनाच लागली. २ डिसेंबरला मतदान झालं, दुसऱ्या दिवशी मोजणी ठरली होती. काही ठिकाणचं मतदान २० तारखेवर गेलं होतं, म्हणून त्याच खंडपीठाने सगळीच मोजणी २१ डिसेंबरला ढकलली. तालुक्याच्या गावांतल्या गोदामांबाहेर पुन्हा पाळ्या लागल्या. २१ तारखेला ताडून पाहायला चिठ्ठ्या नव्हत्या. सीलचे नंबर आणि केंद्रनिहाय आकडे होते, तेही ज्यांनी २ तारखेला लिहून घेतले त्यांच्याकडेच.