बाळंतिणीच्या ताटातलं दूध: मराठवाड्यातल्या वीगन वादाची पार्श्वभूमी

वीगन, म्हणजे मांस-अंड्यांबरोबर दूध-तूपही न घेणाऱ्या, सुनेला दिवस गेले की लातूर-नांदेडकडच्या घरात कुरबूर सुरू होते ती दुधावरून. मांस-अंडी न खाणारी बाई इथे कुणाला खटकत नाही. माळकरी घरं आहेत, लिंगायत आहेत, महानुभाव आहेत, कुंथलगिरीला आणि कचनेरला जाणारी जैन घरं आहेत. पण दूध, दही, तूप यातलं काहीच चालत नाही म्हटलं की सासूबाईंचा सवाल ठरलेला: मग अळिवाची खीर कशात शिजवू, डिंकाचे लाडू कशात वळू? आणि लेकराला वाटीभर दूधसुद्धा द्यायचं नाही का? पुण्या-संभाजीनगरात नोकरी करणाऱ्या मुलींमुळे हे प्रश्न अलीकडे कानावर येतात, म्हणून हा सगळा प्रकार बाहेरून आलेलं खूळ समजला जातो. ते अर्धंच खरं आहे. दूध-मांसाविना गरोदरपण काढणं मराठवाड्यात फार जुनं आहे. तसं कुणी ठरवून करत नव्हतं, एवढंच.

ठरवून करणाऱ्यांचा इतिहास छोटा आहे. नोव्हेंबर १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मूठभर सहकाऱ्यांनी दूध आणि अंडीही नाकारणारी वेगळी संघटना काढली. या मंडळींना रक्तासाठी आणि मज्जातंतूंसाठी लागणाऱ्या बी-१२ जीवनसत्त्वाची माहिती नव्हती, कारण ती तेव्हा कुणालाच नव्हती. बी-१२ शुद्ध स्वरूपात वेगळं झालं ते १९४८ मध्ये, अमेरिका आणि इंग्लंड या दोन्हीकडे, जवळपास एकाच वेळी. हे जीवनसत्त्व झाडं बनवत नाहीत आणि गाय स्वतःही बनवत नाही. ते जिवाणू बनवतात. गायीच्या पोटातल्या जिवाणूंकडून ते दुधात आणि मांसात उतरतं. माणसाच्या यकृतात त्याचा साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे दूध सोडलेल्या माणसाला पहिली दोन-तीन वर्षं काहीच जाणवत नाही. १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या काही वीगन लोकांच्या जिभा सोलवटू लागल्या, हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा कुठे हिशेब लागला. आज जगभरच्या वीगन संघटना बी-१२ ची गोळी किंवा बी-१२ घातलेलं अन्न घ्याच म्हणून सांगतात, त्यामागे हा अनुभव आहे.

आपल्याकडच्या परंपरेत दूध सोडायला सांगणारा पंथ शोधून सापडत नाही. माळ घातली की मांस सुटतं, दूध सुटत नाही. जैनांमध्ये कंदमुळं वर्ज्य आहेत, पण बाळंतिणीचं तूप चालतं. चरकसंहितेत गर्भिणीचा महिन्यामहिन्याचा आहार दिला आहे, आणि तो पहिल्या महिन्यापासून दुधावर, पुढे दूध-तुपावर उभा आहे. सुश्रुतसंहितेत तर चौथ्या महिन्यात दूध-लोण्यासोबत जांगल, म्हणजे कोरड्या रानातल्या, प्राण्यांचं मांस सांगितलं आहे. गर्भसंस्काराच्या वर्गात हा भाग सहसा वाचून दाखवत नाहीत. ठरवून दूध सोडणारा ठळक माणूस म्हणजे गांधीजी. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडलं, पुढे भारतात आल्यावर आजाराने पार खंगले, आणि १९१९ च्या सुरुवातीला कस्तुरबांच्या सांगण्यावरून शेळीचं दूध घेतलं. दुधाची जागा घेईल असा वनस्पतीचा पदार्थ ते पुढेही शोधत राहिले आणि तो मिळाला नाही, हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे.

शास्त्रात आणि पंथात दूध आहे, पण ते पोटुशीच्या ताटात येत होतं का? मराठवाड्याची नावाजलेली जनावरं म्हणजे देवणी आणि लाल कंधारी. देवणी दूध बऱ्यापैकी देते, पण दोन्ही जातींची किंमत शेतकऱ्याला खरी कळते ती बैलांमुळे. उस्मानाबादी शेळी प्रसिद्ध आहे, ती मांसासाठी. घरात दुभतं असलं तरी दूध आधी डेअरीला आणि हॉटेलच्या चहाला जातं, उरलेलं म्हाताऱ्या-लेकरांना, आणि सुनेच्या वाट्याला बहुतेक ताक. दुष्काळ पडला की जित्राबं आधी विकली जातात. १९७२ मध्ये दगड फोडायच्या कामावर सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो (ज्वारीसारखं धान्य) खाऊन दिवस काढलेल्या आज्या अजून आहेत. त्यांच्या बोलण्यात दूध हा सणाचा पदार्थ असतो. दलित वस्त्यांत जनावराचं मांस वाळवून चान्या करून ठेवत. टंचाईत अंगाला लागणारं ते एक अन्न होतं. मेलेल्या जनावराचं मांस सोडा हे बाबासाहेबांचं १९२७ चं महाडचं आवाहन माणूसपणासाठी होतं, आणि ते योग्यच होतं. पण त्या मांसाच्या जागी दूध-अंडी कुणी आणून दिली नाहीत. पुढे २०१५ मध्ये राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली आणि त्यातल्या त्यात स्वस्त असलेलं मांसही बाजारातून गेलं.

मग उरतं काय? ज्वारीची भाकरी, तुरीचं नाही तर हरभऱ्याच्या डाळीचं कोरड्यास, कारळाची किंवा जवसाची चटणी, पावसाळ्यात घोळ, तांदुळजा, अंबाडी. बीडची ऊसतोड करणारी बाई दिवाळीनंतर कोयता घेऊन गाव सोडते, तेव्हा फडावर याहूनही कमी असतं. पहाटे भाकरी बांधून घ्यायची, ठेचा लावून खायची, सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत मोळ्या उचलायच्या. त्यात ‘जास्त खाल्लं तर लेकरू मोठं होतं, मोकळी होताना अडतं’ ही समजूत. याच बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. त्याची कारणं आहारापेक्षा मजुरीत आणि खासगी दवाखान्यांत जास्त होती, म्हणून इथे त्यात शिरत नाही. पण प्रजननाचा विषय निघाला की मराठवाड्यात बोलणं आधी तिथे जातं.

शहाण्या लोकांनी या ताटाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं ते मुंबईत. १९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर गरोदर स्त्रियांच्या, विशेषतः गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या, एका जीवघेण्या रक्तक्षयाचा अभ्यास करायला आली. हा रक्तक्षय लोहाने बरा होत नव्हता. यकृताचा अर्क लागू पडे, पण तो महाग. विल्स यांनी यीस्टचा स्वस्त अर्क देऊन पाहिला, बायका बऱ्या झाल्या, आणि १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे आज प्रत्येक गरोदर बाईला मिळणारं फॉलिक ॲसिड. ही गोळी गरिबांच्या ताटातून शोधली गेली आहे, हे तिच्या वेष्टनावर कुठेच लिहिलेलं नसतं.

बी-१२ ची गोष्ट तामिळनाडूतल्या वेल्लोरची. १९६२ मध्ये तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अंगावर पिणाऱ्या काही बाळांचं वर्णन छापलं. बाळं सुस्त, हसणं-बसणं शिकलेली आणि मग विसरलेली, हातपाय थरथरणारे, बोटांच्या पेरांवर काळपट डाग. आया शाकाहारी, दूधही नावापुरतं घेणाऱ्या, त्यांच्या स्वतःच्या दुधात बी-१२ जवळजवळ नाही. बी-१२ दिल्यावर बाळं सुधारली. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांना हे चित्र आजही अनोळखी नाही. वेळेवर कळलं तर इलाज सोपा, उशीर झाला तर मेंदूच्या वाढीत राहिलेलं मागेपण पूर्ण भरून येईलच असं नाही. आईला स्वतःला तेव्हा फारसं काही होत नसतं, म्हणून तिच्या आहाराची चौकशी कुणी करत नाही.

एवढं छापून झाल्यावर १९७० मध्ये देशात रक्तक्षय रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि त्यात लोह व फॉलिक ॲसिड दिलं गेलं. बी-१२ नाही. २०१८ च्या ‘ॲनिमियामुक्त भारत’मध्येही गरोदर बाईला १८० दिवस ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, पुन्हा बी-१२ नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हा सगळा लोहाच्या कमतरतेचा असं धरून चालणं मला पटत नाही.

कारण पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून पुण्याच्याच केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने काय पाहिलं ते समोर आहे. हा भाग मराठवाड्याचा नाही, पण जेवण बरंचसं तेच. सुमारे दोन तृतीयांश गरोदर बायकांत बी-१२ कमी निघालं. ज्या आया पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा घेत होत्या त्यांची बाळं जन्मतः भरलेली होती. आणि २००८ मध्ये छापलेला निष्कर्ष सगळ्यात अस्वस्थ करणारा: ज्यांच्यात फोलेट (फॉलिक ॲसिड हे त्याचंच गोळीतलं रूप) भरपूर आणि बी-१२ कमी, अशा आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी शरीराने इन्सुलिनला न जुमानण्याचं प्रमाण सर्वांत जास्त. फॉलिक ॲसिड वाईट आहे असा याचा अर्थ नाही. बाळाच्या मज्जारज्जूतले जन्मदोष ते टाळतं हे १९९१ मध्ये पक्कं झालं आहे. दोन जीवनसत्त्वं जोडीने काम करतात आणि आपण एकच वाटत राहिलो, असा त्याचा अर्थ.

दिवस राहण्याबद्दल थोडक्यात. वनस्पती आहाराने बाई वांझ होते, या बोलण्याला आधार नाही. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात मांसाच्या प्रथिनाऐवजी काही प्रमाणात डाळी-शेंगांचं प्रथिन घेणाऱ्या स्त्रियांत बीज न सुटण्याची तक्रार उलट कमी दिसली. बी-१२ ची मोठी कमतरता मात्र दिवस न राहण्याशी आणि गर्भ पडण्याशी जोडली गेली आहे. सोयाबीनने पुरुषाचं बीज घटतं ही धास्ती २००८ च्या एका छोट्या अभ्यासातून आली. नंतरच्या प्रयोगांत तसं दिसलं नाही. लातूरच्या बाजारात सोयाबीनचे ढीग लागतात आणि त्याच गावात लग्न ठरलेल्या पोराला सोयावडी वाढत नाहीत, हा गमतीचा भाग. ज्वारी, मूग, उडीद हटवून हे पीक शेतात आलं, पण गिरणीत तेल काढायला गेलं, घरच्या पातेल्यात फारसं आलं नाही.

परदेशातलं मतही एका जागी थांबलेलं नाही. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये नीट आखलेला वीगन आहार गरोदरपण, स्तनपान, बालपण सगळ्या अवस्थांत चालतो असं सांगितलं. त्याच वर्षी जर्मनीच्या पोषण संस्थेने गरोदर स्त्रिया आणि मुलांसाठी तो नको म्हटलं. २०२४ मध्ये जर्मन संस्था मवाळ झाली, आणि २०२५ मध्ये अमेरिकेच्या संस्थेने आपलं नवं मत फक्त प्रौढांपुरतं दिलं, गरोदर आणि स्तनदा स्त्रियांना त्यातून वगळून. पोलंडमध्ये ५ ते १० वर्षांच्या मुलांचा अभ्यास २०२१ मध्ये आला. वीगन मुलांचं वाईट कोलेस्टेरॉल कमी होतं, पण ती सरासरी सुमारे ३ सेंटिमीटर बुटकी आणि हाडांत खनिज कमी. फायदा-तोटा दोन्ही एकाच कागदावर, त्यामुळे दोन्ही बाजू हाच अभ्यास नाचवतात.

आपल्या स्वयंपाकात मात्र बऱ्याच गोष्टी आयत्या आहेत. तीळ आणि कारळात कॅल्शियम, जवसात ओमेगा-३, अळिवात आणि बाजरीत लोह. येळवशीची (वेळ अमावास्येची) आंबील आंबवलेली असते आणि मटकी मोड आणून खातात. आंबवल्याने व मोड आणल्याने धान्यातलं, खनिजं अडवून धरणारं फायटेट कमी होऊन लोह आणि झिंक अंगी लागतं. ताकाशिवायही ज्वारीचं पीठ आंबतं, म्हणजे वीगन सुनेची येळवस चुकायचं कारण नाही. अळीव नारळाच्या दुधात शिजतो, डिंक शेंगदाण्याच्या तेलात तळून फुलतो. सहा महिन्यांनंतर बाळाला मात्र वरणाचं पाणी आणि भाताची पेज पुरत नाही. त्याच्या छोट्या पोटात मावेल असं घट्ट वरण, दाण्याचा बारीक कूट, तिळाची पूड, वरून तेल लागतं. आणि वर्षाच्या आत अंगावरचं दूध तुटलं तर घरी वाटलेलं सोयाचं किंवा बदामाचं ‘दूध’ त्याची जागा घेऊ शकत नाही, तिथे बालरोगतज्ज्ञाला विचारूनच काय ते ठरवावं. बी-१२ यातल्या कशातच नाही. आंबिलीत आहे, न धुतलेल्या भाजीत आहे, असं सांगणारे भेटतात. त्यावर लेकराला सोडू नये.

रेशनवरच्या पोषणयुक्त तांदळात लोह आणि फॉलिक ॲसिडबरोबर बी-१२ घालायचं ठरलं, किलोमागे ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम. माणशी महिन्याचे पाचही किलो तांदूळच मिळाले असं धरलं तरी सव्वासहा मायक्रोग्रॅमच्या वर जात नाही. गरोदर बाईची गरज रोज साधारण अडीच, म्हणजे महिन्याला पंचाहत्तर. शाळेत तरी मुलांना काही मिळावं म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने पोषण आहारात आठवड्याला एक अंडं देण्याचा निर्णय घेतला, त्यावर बराच गदारोळ झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद केला. अंडं न खाणाऱ्या मुलांसाठी केळं ठरलं होतं. केळ्यात बी-१२ नसतं.