तारेपलीकडची शेती (भारत-बांगलादेश सीमा)

भारत-बांगलादेश बॉर्डरवर काटेरी तारेचं कुंपण आणि खरी सीमारेषा, म्हणजे झिरो लाइन, यांच्या मधे अडकलेली भारतीय मालकांची जमीन. बॉर्डर एकूण 4,096 किमी, त्यातली 2,216 किमी एकट्या पश्चिम बंगालची, बाकी आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि मिझोराम.

कुंपण आलं ते घुसखोरीच्या मुद्द्यावरून. 1979 पासून आसाम आंदोलन पेटलं, 1985 च्या आसाम करारात बॉर्डर बंद करायचं कबूल झालं आणि पुढच्या वर्षी कुंपण मंजूर. पण दोन्ही देशांच्या 1975 च्या नियमांप्रमाणे झिरो लाइनपासून 150 यार्डांच्या आत, म्हणजे साधारण 137 मीटरात, संरक्षणासाठीचं बांधकाम करता येत नाही, त्यामुळे कुंपण तेवढं आत सरकलं, नदी-नाले आडवे आले तिथे अजूनच आत, आणि पलीकडे राहिली शेतं, काही ठिकाणी तर घरंदारं अख्खी वस्तीच.

आता या शेतात जायचं तर बीएसएफच्या (सीमा सुरक्षा दलाच्या) गेटमधून, तेही ठरलेल्या वेळेलाच. ओळखपत्र जमा करा, रजिस्टरला नाव, बैलजोडी नेली तर तिचीही नोंद (गुरांची तस्करी हा इथला जुना धंदा), खताची पोती तपासून घ्या आणि गेट बंद व्हायच्या आत परत या. रात्री पाणी द्यायचं म्हटलं तर विसरा. ताग उंच वाढतो, त्यात माणूस लपतो म्हणून कुंपणाजवळ तो लावायला जवानांची हरकत, आणि बंगालात ताग म्हणजे हक्काचा पैसा. वर रात्री पलीकडून येऊन उभं पीक कापून नेतात ही तक्रार आहेच. जवानांचंही खोटं नाही म्हणा, गेट सताड उघडं ठेवलं तर कुंपण कशाला बांधलं.

खरी गोची नुकसानभरपाईची आहे. कुंपण आणि त्यालगतच्या रस्त्याखाली जेवढी पट्टी गेली तिचेच पैसे मिळतात, पलीकडची जमीन सरकारने घेतलेलीच नाही, कागदावर मालक तोच, मग भरपाई कसली? 2013 च्या भूसंपादन कायद्यात संरक्षणासाठी तातडीने जमीन घ्यायचं कलम 40 आहे पण ते घेतलेल्या जमिनीपुरतं, ज्याची जमीन घेतलीच नाही, नुसता वापर अर्धामुर्धा गेला, त्याचं काय यावर कायदा गप्प. घटनेच्या कलम 300अ मधला मालमत्तेचा हक्कही इथे फारसा कामाला येत नाही. पाकिस्तान बॉर्डरवर पंजाबात असल्याच शेतकऱ्यांना वर्षाला एकरी 10 हजार रुपये ठरले, तेही वेळेवर मिळत नाहीत म्हणून ओरड असतेच, पण निदान नुकसान होतं हे तरी मान्य झालं, बंगालात तेवढंही नाही.

जिथे घरं अगदी रेषेला खेटून आहेत तिथे 150 यार्डांच्या आतच एकेरी कुंपण घालायचा मार्ग काढला गेला. म्हणजे घरं अलीकडे राहतात. बांगलादेशला ते पटत नाही, जानेवारी 2025 मध्ये मालदा जिल्ह्यात सुकदेवपूरला काम चालू असताना बीजीबीने (बांगलादेशच्या सीमा दलाने) आक्षेप घेतला, गावकरी जमले, आणि नंतर बांगलादेशने भारताच्या उच्चायुक्तांना आणि भारताने बांगलादेशच्या उपउच्चायुक्तांना बोलावून जाब विचारला.