भिंतीवर उलटा चाललेला ऑटो

नागपुरात मे महिन्याची दुपार म्हणजे घरोघरी स्वखुशीने पाळलेला कर्फ्यू. पारा ४५ अंशांकडे सरकला की खिडक्या लावायच्या, पडदे ओढायचे, कूलरच्या टाकीत पाणी सोडायचं आणि पोट्ट्यांना अंधाऱ्या खोलीत निजवायचा प्रयत्न करायचा. तो सहसा फसतो. माझ्याकडे उन्हाळ्यात दोन नातवंडं येतात. नात सहा वर्षांची, नातू साडेचारचा. आमचं घर जुनं, रस्त्याकडच्या खिडकीला लाकडी फळ्या. त्यातल्या एका फळीची गाठ निखळून चण्याएवढं भोक पडलंय. गेल्या मेमध्ये दोघांना झोपवता झोपवता मलाच डुलकी लागली, आणि नातीच्या ओरडण्याने मी जागा झालो.

"आबा, पाहा न, भिंतीवर ऑटो उलटा चालून राहिला!"

खरंच होतं. समोरच्या चुन्याच्या भिंतीवर हातभर उंचीचा, फिकट, चाकं वर केलेला ऑटोरिक्षा सरकत होता. बाहेर तो पूर्वेकडे चाललेला, भिंतीवर पश्चिमेकडे. त्याच्या मागून डोक्यावर सायकल घेतल्यासारखा एक माणूस गेला. तीस वर्षं मी शाळेत प्रकाशाचा धडा शिकवला, फळ्यावर सूचिछिद्र प्रतिमाग्राहकाच्या, म्हणजे बारीक भोकाच्या कॅमेऱ्याच्या, शेकडो आकृत्या काढल्या, आणि त्याच यंत्रात इतकी वर्षं दुपारी झोपत होतो.

उलटं का दिसतं, हे साडेचार वर्षांच्या पोराला आकृतीने कळत नाही. दोरीने कळतं. पुठ्ठ्याला भोक पाडलं, त्यातून दोन दोऱ्या ओवल्या. नात खुर्चीवर उभी राहिली, एका दोरीचं टोक तिच्या डोक्याशी धरलं, दुसऱ्या दोरीचं पायाच्या अंगठ्याशी. पुठ्ठ्याच्या अलीकडे नातवाने दोन्ही दोऱ्या ताणून भिंतीला टेकवल्या. डोक्याची दोरी खाली आली, अंगठ्याची वर. प्रकाश ताणलेल्या दोरीसारखा सरळ जातो, भोकात वळत नाही, एवढंच त्यात आहे. नातवाला मात्र ताई खुर्चीवरून पडते की काय, यातच जास्त रस होता.

भोक मोठं केलं तर चित्र उजळ होतं पण फिसकटतं. बारीक केलं तर रेखीव होतं पण अंधूक. शिवाय खोलीत आल्याबरोबर काहीच दिसत नाही, डोळ्यांना दहा-पंधरा मिनिटं द्यावी लागतात. आपल्या प्रत्येक डोळ्यात मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी सुमारे बारा कोटी आहेत, आणि रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी साधारण साठ लाख. दंडपेशींना रंग कळत नाहीत. म्हणून भिंतीवरचा ऑटो आधी राखाडी वाटतो. भोक जरा मोठं केलं आणि उजेड वाढला की त्याचा पिवळा रंग उमटतो.

या खेळातच नातवाने एक प्रश्न विचारला. "आबा, मी डोळे आणखी मोठे केले तर ऑटोला जास्त दिसन का?"

हसू नका. त्याच्या मनातली कल्पना अशी की दिसणं डोळ्यातून बाहेर जातं आणि वस्तूला जाऊन लागतं. बहुतेक लहान मुलांना असंच वाटतं, आणि आपली मराठी त्यांच्याच बाजूची आहे. आपण नजर टाकतो, कटाक्ष फेकतो, कुणाची दृष्ट लागते, मग मीठ-मोहऱ्या घेऊन ती काढतो. न्याय या प्राचीन भारतीय दर्शनातही हेच गंभीरपणे मांडलं होतं: डोळ्यातून किरण निघतात आणि वस्तूला स्पर्श करतात. पुरावा काय, तर रात्री फिरणाऱ्या प्राण्यांचे डोळे चमकतात. युक्लिडसारखा ग्रीक गणितीही याच मताचा. अकराव्या शतकात कैरोत राहून इब्न अल्-हैथम या अरब शास्त्रज्ञाने याच्या उलट बाजूने भक्कम मांडणी केली, की प्रकाश वस्तूवरून निघून डोळ्यात येतो. त्यानेही अंधाऱ्या खोलीतल्या भोकाचे प्रयोग केले होते. त्यामुळे साडेचार वर्षांचं पोर चुकतंय म्हणून लगेच दुरुस्त करायची घाई करू नये. जे समजायला माणसांना शेकडो वर्षं लागली, त्यासाठी त्याला एक दुपार तरी द्यावी.

आम्ही ती दुपार बुटाच्या खोक्यात घालवली. खोक्याच्या एका टोकाला डोळा लावण्यापुरतं भोक, वरच्या झाकणाला दुसरं भोक, आत लाकडी बैल. हा बैल तान्ह्या पोळ्याचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरं लाकडी नंदी सजवून दारोदार फिरवतात, आणि मग वर्षभर तो माळ्यावर पडून असतो. वरचं भोक अंगठ्याने बंद केलं आणि विचारलं, "काय दिसते?" काहीच नाही. "डोळे मोठे कर." तरी काहीच नाही. अंगठा काढला, बॅटरीचा उजेड सोडला, तसा बैल प्रकटला. नातवाने हे वीसेक वेळा केलं. मग तो स्वतःच म्हणाला, "डोळ्यात कायीच नाही आबा, उजेडातच आहे." वाक्य पाठ्यपुस्तकात घालण्यासारखं नसेल, पण दिशा बरोबर आहे.

या खेळाआधी मुलाला "पूर्ण अंधारात थोड्या वेळाने दिसायला लागेल ना?" असं विचारून पाहा. बहुतेक जण हो म्हणतात, मोठेही. कारण आपण खरा अंधार पाहिलेलाच नसतो. कुठून तरी पथदिव्याची तिरीप येतेच. मांजरालाही पूर्ण अंधारात दिसत नाही. ताडोब्याच्या जंगलात जिप्सीच्या दिव्यात प्राण्यांचे डोळे चमकतात ते दृष्टिपटलामागे चकाकणारा एक थर असतो म्हणून. तो आलेला प्रकाश परत फेकतो. उजेडच नसेल तर परत काय फेकणार?

आता कवडसा. हा शब्द मला फार आवडतो, आणि मुलांना तो आता माहीत नसतो, कारण कवेलूची, म्हणजे कौलांची, छपरं गेली. माझ्या लहानपणी दुपारी जमिनीवर पैशाएवढे कवडसे पडत. फुटक्या कवेलूंच्या भेगा वाकड्यातिकड्या, पण कवडसे गोल. का? कारण पडतो तो भोकाचा आकार नव्हे, सूर्याचं चित्र. खंडग्रास सूर्यग्रहणात झाडाखालचे सगळे कवडसे कोरीच्या आकाराचे होतात, त्याचंही कारण हेच.

फ्लॅटमध्ये कवेलू नाहीत, पण आरसा आहे. आरशावर कागद चिकटवायचा, कागदात अर्ध्या सेंटिमीटरचा त्रिकोण कापायचा. मोठ्या माणसाने गॅलरीत उभं राहून ऊन घरातल्या भिंतीवर पाडायचं. भिंत जवळ असेल तर तिथे त्रिकोण दिसतो. दारं उघडून तोच उजेड आतल्या खोलीच्या भिंतीवर, आठ-दहा मीटरवर नेला की त्रिकोण गोल होतो. गोलाचा व्यास अंतराच्या साधारण १०८ व्या भागाएवढा: तीन मीटरवर जेमतेम तीन सेंटिमीटर, दहा मीटरवर नऊच्या आसपास. मुलं इथे हमखास भांडतात, त्रिकोण कुणी काढून टाकला म्हणून. एक गोष्ट मात्र गमतीची नाही: सूर्याकडे किंवा आरशातल्या सूर्याकडे कुणीही बघायचं नाही, आणि आरसा मुलाच्या हातात द्यायचा नाही.

आमच्या मागच्या खोलीला पत्रा आहे, त्याला खिळ्याचं भोक आहे. पावसाळ्यात त्याच्याखाली बादली ठेवतो, उन्हाळ्यात नात तिथे पेन्सिल घेऊन बसते. कवडशाभोवती गोल काढते, थांबते, पुन्हा काढते. तीन मीटर उंच छपराखाली, ऐन दुपारी, दोन-सव्वादोन मिनिटांत कवडसा स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. पृथ्वी फिरते हे सांगायला याहून स्वस्त साधन नाही. २६ मेच्या आसपास नागपुरात सूर्य बाराच्या पुढे दहा मिनिटांच्या सुमाराला बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा कवडसा भोकाच्या थेट खाली पडतो. ओळंबा सोडून बघता येतं. बाहेर अंगणात उभा ठेवलेला डबा त्या वेळी सावलीशिवाय दिसतो.

सावलीचा खेळ रात्रीचा, लाईट गेल्यावरचा. मोबाईलचा फ्लॅश जमिनीवर, भिंत दोन मीटरवर, बैल फ्लॅशपासून अर्ध्या मीटरवर: सावली चौपट, म्हणजे १५ सेंटिमीटरचा नंदी ६० सेंटिमीटरचा वळू होतो. फ्लॅशच्या जवळ सरकवला की आणखी माजतो. ट्यूबलाईटखाली मात्र त्याच बैलाची सावली पुसट, कडा विरघळलेल्या. लांब ट्यूबचा एक भाग झाकला गेला तरी दुसऱ्या भागाचा उजेड तिथे पोचतो. हे मी सांगितलं नाही. नातीने लाईट आल्यावर स्वतः तक्रार केली की ट्यूबने सावली खराब केली.

रंगाचा खेळ खरा पुढे आहे. आकाशकंदिलाचा जिलेटिन पेपर घ्या, लाल आणि हिरवा. तीन-चार पदरी घडी करून दोन बॅटऱ्यांना रबराने बांधा. एका पदराने भागत नाही, बाजारातला कागद बराच नको तो उजेडही आत सोडतो. दोन्ही उजेड भिंतीवर एकमेकांवर पाडा. तिथे पिवळा दिसतो. रंगपेटीत लाल-हिरवं एकत्र केलं की मातकट चिखल होतो, हे पोरांना पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे विश्वास बसत नाही. आता मध्ये बैल ठेवा. दोन सावल्या पडतात, एक लाल, एक हिरवी, आणि लाल बॅटरीने पाडलेली सावली हिरवी असते! जिथे बैलाने लाल अडवला तिथे हिरवाच पोचतो, म्हणून. नातीने यावर बराच वेळ विचार केला आणि एक बॅटरी बंद करून तपासलं. मला शिक्षक म्हणून एवढं पुरे होतं.

उजेड मिळवला की भर पडते. रंग मिसळला की वजाबाकी होते. पिवळा रंग निळा प्रकाश गिळतो, निळा रंग लाल गिळतो, दोघांच्या तावडीतून सुटतो तो हिरवा. आणि भिंतीवरचा तो पिवळा आपल्या डोळ्यात तयार होतो, कारण शंकुपेशी तीनच प्रकारच्या आहेत आणि लाल-हिरवा एकदम आले की त्या पिवळ्यासारखाच निरोप मेंदूला देतात. मोबाईलवर पिवळं चित्र लावून त्यावर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा. थेंबाच्या भिंगातून लाल आणि हिरवे ठिपके दिसतील, पिवळा कुठेच नाही.

हिवाळ्यात संत्री आली की हाच खेळ उलटा खेळता येतो. निळा जिलेटिन बांधलेल्या बॅटरीखाली संत्रं काळपट दिसतं. त्याच्या सालीतली रंगद्रव्यं निळा उजेड शोषतात, आणि परत द्यायला दुसरा रंग समोर नसतो. हिरवट साल असलेलं आंबिया बहाराचं संत्रं शेजारी ठेवून फरक पडतो का ते बघा. आमच्याकडे तान्ह्या पोळ्यालाच काळी आणि पिवळी मारबत निघते, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक. निळ्या दिव्यात मिरवणूक काढली तर कोणती कोणती हे ओळखणं कठीण जाईल. नातवाला ही कल्पना इतकी आवडली की तो आता प्रत्येक वस्तूला विचारतो, "तू कोणत्या उजेडात काळी होते?"

इंद्रधनुष्याचं मी थोडक्यात आटोपतो. जुनी सीडी खिडकीच्या उजेडात तिरपी धरा, सूर्यासमोर नको. तिच्यावर मिलिमीटरला सुमारे ६२५ रेघा असतात आणि त्या रंग वेगळे करतात. मग "तानापिहिनिपाजा" म्हणायला लावू नका. मुलाला किती रंग दिसतात ते त्याला मोजू द्या. माझ्या नातीला पाच दिसले. पारवा तिला सापडला नाही, आणि मलाही प्रामाणिकपणे कधी सापडलेला नाही. न्यूटनने १६६६ मध्ये खिडकीच्या झडपेला भोक पाडून लोलकातून प्रकाश सोडला. रंग मात्र पुढे सात केले ते संगीताच्या सात स्वरांशी मेळ बसावा म्हणून.

शेवटचा खेळ स्वयंपाकघरातला. काचेच्या ग्लासात पाणी, त्यात दुधाचे दोन-तीन थेंब, बाजूने बॅटरी. बाजूने पाहिलं तर पाणी निळसर, बॅटरीच्या समोरून पाहिलं तर उजेड नारिंगी. बारीक कणांवरून निळा उजेड लालपेक्षा सुमारे चौपट विखुरतो. वर आकाश निळं आणि संध्याकाळी फुटाळा तलावाच्या पाण्यावर सूर्य केशरी, त्याचं कारण साधारण हेच. सी. व्ही. रामन १९१० मध्ये अर्थखात्याच्या नोकरीत नागपुरात होते. १९२१ मध्ये इंग्लंडहून परतताना भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांना पछाडलं, आणि त्या वाटेने ते प्रकाशाच्या विखुरण्याबद्दलच्या २८ फेब्रुवारी १९२८ च्या शोधापर्यंत आणि १९३० च्या नोबेलपर्यंत गेले. नागपुरातल्या गांधीसागर तलावाजवळचं रामन विज्ञान केंद्र त्यांच्याच नावाचं. नातवंडांना तिथे नेलंच, पण दुधाचा ग्लास त्यांना जास्त आवडला, कारण तो नंतर पिता येतो असा त्यांचा समज होता.

परतायच्या आदल्या दिवशी नातवाने विचारलं, रात्री भिंतीवरचा ऑटो कुठं जाते? मला सांगता आलं असतं. त्याऐवजी नऊ वाजता घरातले दिवे घालवून आम्ही तिघं भिंतीकडे तोंड करून बसलो. बराच वेळ काही नाही. मग एक मोटारसायकल गेली, आणि तिच्या दिव्याचा एकच ठिपका भिंतीवरून पश्चिमेकडे सरकत गेला.

"आबा," नातू म्हणाला, "हा सरळ आहे का उलटा, हे कसं कळते?"