४३.३ चा उच्चांक आणि पुण्याच्या उन्हाळ्याचं मोजमाप

२८ एप्रिल २०१९ रोजी शिवाजीनगरच्या वेधशाळेत पारा ४३.० अंश सेल्सिअसवर गेला. एप्रिलचा तिथला उच्चांक ४३.३ अंशांचा, ३० एप्रिल १८९७ चा. विक्रम ०.३ अंशाने हुकला. मे महिन्याचा उच्चांकही ४३.३ च आहे आणि तो १८८९ चा. दोन वेगळ्या वर्षांत दशांशापर्यंत तोच आकडा यावा हा योगायोग खराच, पण त्यात मोजपट्टीचाही हात असू शकतो. त्या काळी तापमान फॅरनहाइटमध्ये लिहीत आणि ४३.३ म्हणजे ११० फॅरनहाइट. नोंदवहीत १०९.९ असो की ११०.०, सेल्सिअस करून एका दशांशापर्यंत आणलं की दोन्हींचे ४३.३ च होतात. जानेवारी १९३५ मधला १.७ चा नीचांक म्हणजेही ३५ फॅरनहाइट. तेव्हा २०१९ चे ४३.० आणि १८९७ चे ४३.३ शेजारी मांडताना, त्या ०.३ मध्ये हवा किती आणि मापनाची रीत किती, हे आधी पाहायला हवं.

पुण्याच्या परिसरात हवेच्या नोंदी वेधशाळेच्या बऱ्याच आधीपासून होत आल्या आहेत. मुंबई सरकारच्या नोकरीतले विल्यम सायक्स यांनी १८२५ ते १८३० या काळात दख्खनभर फिरून वायुभार, तापमान आणि आर्द्रता टिपली आणि ते काम १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने छापलं. त्यांना उन्हाळ्यापेक्षा वायुभारमापकाची रोजची भरती-ओहोटी पाहायची होती: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढ, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतार. पण फिरत्या माणसाच्या नोंदींवरून एका जागेची सरासरी निघत नाही. त्यासाठी तीच जागा, तीच वेळ आणि तेच उपकरण वर्षानुवर्षं लागतं.

ती शिस्त आली १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झाल्यावर. खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात हललं. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला आणि चौकाला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात ते त्यामुळेच. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, पण हवामानाच्या जुन्या नोंदींचं भांडार आणि उपकरणांचं काम पुण्यातच राहिलं. देशभरच्या उन्हाळ्यांची तुलना ज्या आकड्यांवर होते, त्यातले बरेचसे याच आवारात तपासले जातात.

आता खरी अडचण. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या वेधशाळांत तापमापक गवताने शाकारलेल्या, बाजूंनी उघड्या छपराखाली टांगत. पांढरी, झडपांची स्टीव्हन्सन पेटी सर्वत्र आली ती विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत. छपराखाली वारा मोकळा खेळतो, पण तापलेल्या जमिनीवरून उलटून येणारी उष्णता अडत नाही. पेटीत ती अडते, मात्र वारा पडला की आतली हवा कोंडते. त्यामुळे त्याच दुपारी दोन्हींत वेगळे आकडे येऊ शकतात. १८९७ चा उच्चांक खोटा आहे असं कुणी म्हणत नाही; पण तो आणि आजचा आकडा एकाच घरातले नाहीत.

पेटीच्या आत काय असतं ते पाहिलं म्हणजे चुका कुठे शिरतात हे कळतं. पेटीचं दार उत्तरेकडे, म्हणजे वाचन घेताना ऊन आत पडत नाही. तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर. कमाल तापमापक पाऱ्याचा. फुग्याजवळ नळी चिमटलेली असते, त्यामुळे पारा वर चढतो पण थंड झाल्यावर मागे फिरत नाही. संध्याकाळी साडेपाचला वाचायचा आणि ताप मोजायच्या थर्मामीटरसारखा झटकून खाली आणायचा. किमान तापमापकात अल्कोहोल असतं आणि त्यात एक बारीक काडी बुडालेली असते. अल्कोहोल आक्रसलं की काडी मागे ओढली जाते, प्रसरण पावलं की ती तिथेच राहते. सकाळी साडेआठला तिचं फुग्यापासून दूरचं टोक वाचायचं.

बिघाडही ठरलेले. चिमटा झिजला तर पारा थोडा मागे सरकतो आणि कमाल तापमान कमी दिसतं. अल्कोहोलचे थेंब नळीच्या वरच्या टोकाला अडकले तर किमान तापमान कमी दिसतं, आणि हा दोष महिनोन्महिने लक्षात येत नाही. पेटीचा रंग मळला की दुपारचे आकडे वर सरकतात. नोंदींतली अशी उडी शेजारच्या केंद्राच्या नोंदींशी ताडून पकडावी लागते. एका केंद्राच्या वहीवरून ती हवेतली की पेटीतली हे सांगता येत नाही.

आजचा घोटाळा मात्र निराळा. पुण्याचं तापमान म्हणून एकाच दिवशी चार-पाच आकडे फिरतात: शिवाजीनगर, लोहगाव, पाषाण, कोरेगाव पार्क, मगरपट्टा. स्वयंचलित केंद्रं दर पंधरा मिनिटांना आकडा देतात आणि कोरेगाव पार्कसारख्या ठिकाणी तो शिवाजीनगरपेक्षा दोन-तीन अंशांनी जास्त असणं नवं नाही. शिवाजीनगरच्या आसपास कृषी महाविद्यालयाची शेतं आणि झाडी आहे. लोहगावला धावपट्टी आणि उघडं पठार. पाषाणला टेकड्यांवरून रात्री गार हवा उतरते. हे सगळे आकडे आपापल्या जागी बरोबर असतात. चूक होते ती कोरेगाव पार्कची आजची दुपार १८९७ च्या शिवाजीनगराशी भिडवली जाते तेव्हा. नव्या केंद्रांना तीस वर्षांचा इतिहासच नाही. त्यांच्या बाबतीत ‘विक्रम’ हा शब्द जपून वापरावा.

तीस वर्षं का? जागतिक हवामान संघटनेचा हा संकेत आहे. दोन-चार चांगली-वाईट वर्षं सरासरीला फार ढकलू शकत नाहीत इतका हा काळ मोठा आहे. सध्या तापमानासाठी १९९१ ते २०२० ही तीस वर्षं पायाभूत धरतात. पूर्वी १९८१ ते २०१० होती, त्याआधी १९६१ ते १९९०. पाया पुढे सरकला की तोच दिवस सरासरीच्या जवळ दिसू लागतो. म्हणून ‘सरासरीपेक्षा दोन अंश जास्त’ हे वाक्य कोणती सरासरी ते सांगितल्याशिवाय अर्धवटच. महिन्याची सरासरी काढतानाही नियम आहे: सलग पाच दिवसांच्या किंवा एकूण अकरा दिवसांच्या नोंदी गहाळ असतील तर तो महिना मोजायचा नाही.

पुण्याचा सर्वांत उष्ण महिना एप्रिल, मे नव्हे. एप्रिलमध्ये कमाल तापमानाची सरासरी ३८ अंशांच्या आसपास, मे महिन्यात अंशभर कमी. शून्य सावलीचा दिवस मात्र मेच्या मध्यावर येतो. सूर्य डोक्यावर असूनही दुपार थोडी नरमते, कारण तोवर पश्चिमेचं वारं घाटावरून ओल आणि ढग आणू लागतं. रात्र मात्र त्याच ओलीने गार होत नाही. उन्हाची काहिली आणि उकाडा हे दोन वेगळे त्रास आहेत. वैशाखातला माणूस ३७ अंशांतही चैत्रातल्या ३९ पेक्षा जास्त कुरकुरतो, आणि त्याचं चुकत नाही.

उष्णतेच्या लाटेचा शिक्का पुण्यावर क्वचित बसतो तो याच हिशेबाने. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० हवं आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी जास्त हवं. किंवा सरळ ४५ गाठायला हवं. एप्रिलची सरासरी ३८ धरली तर ४२.५ पर्यंत जावं लागतं. म्हणजे ४१ अंशांची दुपार अंग भाजून काढते, पण व्याख्येत बसत नाही.

शंभर वर्षांचा कलही सरळ वर जाणारा नाही. १९०१ ते २००० या काळातल्या पुण्याच्या तापमानाचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वार्षिक सरासरी आणि कमाल तापमान घटलेलं आढळलं. ही घट हिवाळ्यात जास्त होती आणि अभ्यासकांनी ती हवेतल्या वाढत्या धूलिकणांशी जोडली. पावसाळ्यातलं किमान तापमान मात्र वाढलेलं दिसलं. देशाचं तापमान वाढतंय म्हणून शिवाजीनगरचा आलेख डोळे झाकून चढता काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, आणि त्यावरून तापमानवाढच नाकारणाऱ्यांनीही. केंद्राभोवती शहर वाढतं, धूळ वाढते, झाडं तुटतात किंवा उंच होतात. हे सगळं त्या एका पेटीत उतरतं.

२०२५ चा उन्हाळा तुलनेची आणखी एक खोच दाखवतो. त्या वर्षी मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. मुंबईचा आधीचा सर्वांत लवकरचा दिवस २९ मे १९५६ हा होता. मे महिन्यात राज्यभर वळीव जोरात झाला. अशा वर्षी मार्च ते मे अशी तीन महिन्यांची एकच सरासरी काढली तर तापलेला एप्रिल आणि भिजलेला मे एकमेकांना खोडतात. त्यापेक्षा महिने वेगळे, कमाल-किमान वेगळे आणि ४० च्या वरचे दिवस मोजून वेगळे मांडावेत. १८९७ शी तुलना करायचीच असेल तर तीही याच तुकड्यांत, आणि शिवाजीनगरची शिवाजीनगरशीच.